फुमी-सानचे त्र्याऐंशी तपकिरी जीव

आमच्या ओमोसावा गावाचा शुभंकर लाल झाला, तो माझ्यामुळे. हे मी आजवर कार्यालयात कबूल केलेलं नाही. सगळ्यांना ते आधीच ठाऊक असल्यामुळे कबूल करण्याची वेळच आली नाही.

त्याचं असं झालं. शेजारच्या गावाने आत माणूस शिरतो असा कोबीचा शुभंकर केला, पलीकडच्याने अस्वलाचा. आम्हीच तेवढे उघडे राहिलो. मग आमच्या नगरपालिकेच्या गजबज विभागात बैठक झाली. गावात माणसं उरली नाहीत म्हणून नगरपालिकेने हा विभाग काढला आहे, आणि त्यात आम्ही चौघे दिवसभर शांत बसून असायचो. बैठकीत ठरलं की गावाची खरी ओळख म्हणजे झारिगानी. नांग्या खेकड्याच्या, शेपूट कोळंबीचं आणि राहणं गोड्या पाण्यात, असा हा जीव. त्यातली अस्सल देशी जात आमच्या वरच्या वाडीतल्या एका ओढ्यात अजून तग धरून होती. शुभंकराचं नाव ठरलं झारिमारू. वेष शिवणाऱ्या कंपनीने फोनवर विचारलं, "रंग कुठला?" मी संगणकावर झारिगानीची चित्रं शोधली. पहिली चाळीस चित्रं लालभडक. मी 'लाल'वर खूण केली, शिक्का मारला आणि जेवायला गेलो.

दीड महिन्याने वेष आला. तो अंगावर चढवून आधी फुमी-सानना दाखवावा, अशी मला हौस. वरच्या वाडीतल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात त्या तेव्हा देशी झारिगानी पाळत होत्या. दारातून आत शिरताना माझी शेपटी अडकली, मी जोर लावला, आणि पाचोळा भिजत घातलेली बादली लवंडली. फुमी-सान हातात झारा घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोण आहे आत?"

मी गप्प. वेषात असताना शुभंकराने बोलायचं नसतं. हा नियम कोबीही पाळतो, अस्वलही पाळतं.

"ताशिरोचा धाकटा ना तू? पोट पुढे काढून चालतोस, त्यावरून ओळखलं. हा पाचोळा तीन आठवडे कुजवला होता मी."

मी दोन्ही नांग्या जोडून वाकलो. फुमी-साननी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आणि एक सांगते. हा जो तू झाला आहेस ना, हाच माझ्या पोरींना मारतो."

लाल झारिगानी अमेरिकेची. शंभरेक वर्षांपूर्वी पाळीव बेडकांचा खाऊ म्हणून जपानात आणली. बेडूक संपले, खाऊ राहिला आणि देशभर पसरला. तिच्या अंगात एक रोग असतो. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नाही, पण आमच्या देशीला नुसतं तिचं पाणी लागलं, तरी आठवड्याभरात अख्खा ओढा साफ होतो. देशी दिसायला भिजलेल्या पानासारखी, लांबीला बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि स्वभावाने आमच्या गावासारखी. कुणी आलं की दगडाखाली. थोडक्यात, गावाच्या संरक्षित जिवाचं बोधचिन्ह म्हणून मी त्याच्या खुन्याचं चित्र पसंत केलं होतं. तोवर किल्ल्या अडकवायच्या सहाशे साखळ्या छापून झाल्या होत्या आणि गावातल्या एकुलत्या एक बसच्या दोन्ही अंगांना झारिमारू रंगवला गेला होता.

फुमी नारिता. वय एकोणसत्तर. शास्त्राशी संबंध एवढाच, की शास्त्राच्या मास्तरांनाही त्यांनीच जेवू घातलं. चौतीस वर्षं त्या या शाळेत दुपारचं जेवण रांधत होत्या. गावातला प्रत्येक माणूस त्यांना चेहऱ्यापेक्षा ताटावरून जास्त लक्षात आहे. मी म्हणजे गाजर बाजूला काढणारा. आमचे विभागप्रमुख आसारी साहेब म्हणजे माशाची कातडी वाटीखाली लपवणारा. खुद्द नगराध्यक्ष म्हणजे दूध खिडकीबाहेर ओतणारा. त्यामुळे गावात त्यांच्याशी कुणी चढ्या आवाजात बोलत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मुलं संपली आणि शाळा बंद झाली. शास्त्राच्या मास्तरांची बदली झाली. त्यांच्या काचेच्या पेटीत सहा झारिगानी होत्या. "फुमी-सान, एवढ्या एप्रिलपर्यंत सांभाळा," म्हणाले आणि गेले. एप्रिल आला, मास्तर आले नाहीत. असे अकरा एप्रिल झाले.

"मग तुम्ही सोडून का नाही दिल्यात?" मी एकदा विचारलं होतं.

"सांभाळा म्हणाले होते. सोडा म्हणाले असते, तर सोडल्या असत्या."

भाज्या धुवायच्या स्टीलच्या मोठ्या हौदांत त्यांनी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीने आणलं. खाली नदीतले दगड, वर फुटकी कौलं, खायला कुजवलेला पाचोळा. तिसऱ्या वर्षी एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा फुमी-साननी शेजारच्या तीन घरांत लाल घेवडा घालून शिजवलेला भात वाटला. लोकांनी विचारलं, "कोण बाळंत झालं?" त्यांनी सांगितलं. लोकांनी भात खाल्ला आणि दार लावून एकमेकांकडे बघितलं.

मग विद्यापीठातून एक प्राध्यापक आले. त्यांनी पाण्यात तीन तऱ्हेची यंत्रं बुडवली आणि अदबीने विचारलं, "आपली प्रजननाची पद्धत काय?"

"पाणी गार, पाचोळा कुजलेला, माणूस लांब," फुमी-सान म्हणाल्या.

प्राध्यापकांनी त्यावर नऊ पानं लिहिली. त्यातल्या चौथ्या पानावर फुमी-सानचा उल्लेख 'स्थानिक परिस्थिती' असा आहे.

पण खरी गंमत आमच्या कार्यालयाची. आमच्याकडे साहेब तीन वर्षांनी बदलतो आणि झारिगानी वयात यायला पाच-सहा वर्षं घेते. त्यामुळे आजवर आलेल्या चार साहेबांपैकी एकानेही अंड्यातून निघालेली पोर मोठी झालेली पाहिली नाही. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात वाडीवर यायचा, हौदात डोकावायचा आणि तेच विचारायचा.

"या किती मोठ्या होतात?"

फुमी-सान बोटाची दोन पेरं दाखवायच्या.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर म्हाताऱ्या होतात."

साहेब घसा खाकरून परत जायचा आणि अहवालात 'वाढीस मोठा वाव' असं लिहायचा.

ओढ्याच्या वरच्या अंगाला दरड कोसळून तिथल्या सगळ्या झारिगानी गेल्या होत्या. पाणी पुन्हा नितळ झाल्यावर आपल्या पोरी तिथे वसवायच्या, एवढीच फुमी-सानची इच्छा. त्यासाठी अर्ज केला. अर्जाला सात शिक्के लागत होते. पाच मिळाले, तोवर पहिल्या शिक्क्याच्या माणसाची बदली झाली आणि नव्या माणसाने पहिल्यापासून समजून घ्यायचं ठरवलं. मूळच्या सहांतली सगळ्यात थोरली मादी अर्ज चौथ्या शिक्क्यावर असताना म्हातारपणाने गेली. एका उन्हाळ्यात अस्वलाने झऱ्याची नळी तुडवली, पाणी बंद झालं. फुमी-साननी घरातला, शेजारचा आणि मासळीवाल्याचा बर्फ आणून चार दिवस हौद गार ठेवले. आम्ही कार्यालयातून तत्परतेने एक तक्ता पाठवला: नळी तुटण्याचं कारण मानवी, नैसर्गिक की इतर? त्यांनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'विचारलं नाही.'

गेल्या शरदात एकदाचे सातही शिक्के जमले. विभागात आनंदीआनंद झाला. आसारी साहेबांनी समारंभ योजला. शनिवारी सकाळी ओढ्याकाठी नाबेक्को करायचं, म्हणजे आमच्याकडे शरदात सगळे मिळून उघड्यावर मोठं पातेलं चढवतात ते. नगराध्यक्ष स्वहस्ते झारिगानी पाण्यात सोडणार. छायाचित्रकार येणार. झारिमारू येणार, म्हणजे मी.

गुरुवारी साहेबांनी मला वाडीवर पाठवलं. हौद रिकामे होते. फुमी-सान ते घासत होत्या.

"पोरी कुठायत?"

"मंगळवारी सोडल्या. त्र्याऐंशी."

"अहो, पण समारंभ शनिवारी आहे!"

"समारंभ तुमचा आहे, त्यांचा नाही. प्रत्येकीला वेगळा दगड बघून द्यावा लागतो. मला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. नगराध्यक्ष उभे राहणार होते का गुडघाभर पाण्यात नऊ तास?"

मी खाली जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीत बसले होते, ते आणखी बसले.

"मग नगराध्यक्ष सोडणार काय? पाचोळा?" थोड्या वेळाने त्यांचा चेहरा खुलला. खुललेला साहेब फार धोकादायक. "तशाही त्या तपकिरी. फोटोत दिसल्याच नसत्या. माझा मेव्हणा शहरात किल्ल्याच्या खंदकाजवळ राहतो. तिथे लाल आहेत, हे एवढाले. तीन मागवतो."

"साहेब, लाल सोडायला कायद्याने बंदी आहे."

"कुणी सांगितलं?"

"आपल्याच विभागाच्या भित्तिपत्रकावर आहे. तुमच्या मागे लावलंय."

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. "सोडायचे कुठायत? शेपटीला गळाचा दोरा बांधायचा. पाण्यात ठेवला, फोटो निघाला, ओढून घेतला. दोरा असला की ते सोडणं होत नाही, ताशिरो. ते फिरवून आणणं झालं."

इथे मी उठून 'नाही' म्हणायला हवं होतं. पण आमच्या कार्यालयात 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'विचार करू' म्हणायचं, म्हणजे ते नाही, असं समोरच्याने समजायचं. मी म्हणालो, "विचार करू." साहेब म्हणाले, "छान. पेटी तूच आण. वेषात असलास म्हणजे कुणाला संशय येणार नाही."

शनिवारी आकाश निळंभोर होतं. वाडीतल्या बायकांनी ओढ्यापासून वीस पावलांवर, डांबरी रस्त्याच्या कडेला चुली मांडल्या होत्या. कोंबडीचा रस्सा रटरटत होता आणि काठीला थापून भाजलेला भात त्यात पडत होता. मी लाल वेषात, दोन्ही नांग्यांत बर्फाची पेटी धरून उभा होतो. आत पाण्यात तीन जीव खडखड करत होते. साहेब घड्याळ बघत होते आणि छायाचित्रकार वाकून ओढ्याची बरी बाजू शोधत होता. मला वेषाच्या तोंडातल्या जाळीतून एवढंच दिसत होतं: पाणी, दगड, आणि त्या दगडांखाली कुठेतरी अकरा वर्षं.

फुमी-सान पातेल्यापाशी होत्या. ढवळता ढवळता त्यांनी मान वर केली.

"ए ताशिरो. पेटीत काय आहे?"

मी गप्प.

"पेय असेल, फुमी-सान," साहेब घाईघाईने म्हणाले. "थंड."

"थंड पेयाला पाय असतात? आतून नखं वाजतायत."

वाडीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तीन वर्षांची बदली तीन दिवसांवर आली. शुभंकर बोलत नाही. माझ्या आधी कुठलाही बोलला नव्हता.

"लाल आहेत, फुमी-सान," मी म्हणालो. "तीन. शेपटीला दोरा आहे."

फोमच्या जाड डोक्यातून माझा आवाज विहिरीतून यावा तसा आला. पेटीत काय आहे याचं बायकांना काही वाटलं नाही.

"अगं बाई, बोलतो हा!" एक आजी किंचाळली.

"आवाज तर ताशिरोच्या धाकट्याचा आहे."

"मग कोबी पण बोलत असेल."

"ताशिरो!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "नियम!"

फुमी-सान ओरडल्या नाहीत. झारा हातातच धरून त्या माझ्यापाशी आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चौतीस वर्षांत एकदा शाळेत विषबाधेची आवई उठली होती, तेव्हासुद्धा तो असा झाला नव्हता, असं बायका नंतर म्हणाल्या.

"पाणी सांडलंस कुठे?"

"नाही."

"एक थेंब?"

"नाही हो."

"गाडीतून उतरल्यावर कुठे कुठे चाललास?"

"डांबरावरच. इथून हललो नाही."

"पेटी ओढ्याकडे नेलीस?"

"नाही. न्यायला सांगितली होती. नेली नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग माझ्या नांग्यांतून पेटी काढून घेतली. भांडी विसळायला गरम पाण्याचं एक घमेलं शेवटच्या चुलीवर उकळत होतं, त्यात त्यांनी पेटी पाण्यासकट उलटी केली. वरून झाकण घातलं आणि झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"फुमी-सान!" साहेबांचा आवाज फाटला. "नगराध्यक्ष येतायत! फोटोत काय दाखवायचं?"

"पाच मिनिटं थांबा. उकळले की आणखी लाल होतील."

नगराध्यक्षांची गाडी आली, तेव्हा दोघे सोलून, मीठ लावून बशीत होते. तिसऱ्याचं कवच फुमी-साननी फोटोसाठी अखंड ठेवलं होतं. आमच्याकडे हातात दिलेलं खायला नाही म्हणत नाहीत. नगराध्यक्षांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे विस्फारले.

"वा! ही आपल्या ओढ्यातली?"

"नाही. ही खंदकातली. आपल्या ओढ्यातल्या खायच्या नसतात."

"आणि त्या कुठायत? मला सोडायच्या आहेत ना?"

"सोडून झाल्या. तुम्ही इथूनच बघा. तुमचे बूट कुठल्या पाण्यातून आलेत, कुणास ठाऊक."

साहेबांनी श्वास रोखला. पण नगराध्यक्ष फुमी-सानसमोर लहान होतात. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मुकाट्याने डांबरावर दोन पावलं मागे सरकले. मग वीस पावलांवरच्या ओढ्याकडे तोंड करून त्यांनी अकरा मिनिटं भाषण केलं. ओढ्यातून कुणीही बाहेर आलं नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून ओढ्याला कमरेत वाकून नमस्कार केला. लाल नांग्यांमुळे मला नीट वाकता आलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पालिका-पत्रिकेत पहिल्या पानावर फोटो आला. नगराध्यक्षांच्या हातात उकडलेली लालबुंद झारिगानी, शेजारी झारिमारू, दोघे एकाच रंगाचे. खाली ओळ: 'देशी जलचरांच्या संवर्धनकार्याचा आस्वाद घेताना मा. नगराध्यक्ष.' पत्रिका घरोघर गेली. एकाही घरातून तक्रार आली नाही. यावरून पत्रिका किती वाचली जाते, तेही कळलं.

माझी बदली बर्फ हटाव विभागात झाली. कारण लिहिलं होतं, 'शुभंकराच्या मौनाचा भंग.' हिवाळाभर मी रस्ते मोकळे करत होतो, आणि वरच्या वाडीवरून जाताना दर वेळी थांबून बर्फाखालच्या त्या ओढ्याकडे बघत होतो. एक थेंब सांडला नव्हता, हे मी फुमी-सानना सांगितलं होतं. पण वेषाच्या जाळीतून मला माझे पाय कधीच दिसले नव्हते. डबक्यात पडलेला एक शिंतोडा, एखाद्या कुत्र्याचा ओला पाय, असल्या गोष्टी मला पहाटे जागवायच्या.  

जूनमध्ये त्यांचा निरोप आला. "रविवारी दगड बघायचे आहेत. बूट उकळून, वाळवून आण."

मी बूट उकळले. ते आकसले, आणि मी लंगडत वर गेलो. प्राध्यापकांच्या नियमाप्रमाणे फक्त दहा दगड उचलायचे, त्याहून जास्त त्रास द्यायचा नाही. फुमी-सान काठावर बसल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. बरोबर आणलेला भाताचा गोळा पानात तसाच होता. मला म्हणाल्या, "गुडघे दुखतात. तू उचल."

पहिल्या दगडाखाली पाण्यातला किडा. दुसऱ्याखाली काही नाही. तिसऱ्याखाली एक काळं सरड्यासारखं पिल्लू, ते माझ्याकडे रागाने बघून निघून गेलं. चौथ्याखाली नुसतीच एक नांगी. मी ती तळहातावर घेऊन फुमी-सानना दाखवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, वास घेतला आणि पानाच्या कडेला ठेवली.  पाचवा रिकामा. सहावा रिकामा. माझे हात पाण्याने बधिर झाले होते आणि तोंडात माफीचं वाक्य तयार होत होतं.

सातवा दगड मोठा होता. मी दोन्ही हातांनी तो वर केला. गाळ हळूहळू खाली बसला. तळाशी भिजल्या पानाच्या रंगाची एक झारिगानी होती. ती पळाली नाही. तिला पळता येत नव्हतं, कारण तिच्या पोटाखाली मोहरीएवढ्या काळ्या अंड्यांचा घोस होता.

फुमी-सान उठून पाण्यात कधी आल्या, मला कळलंच नाही. आम्ही दोघे वाकून बघत राहिलो.  असल्या वेळी माणसाने गप्प राहायचं असतं, पण मी तर गप्प राहण्याचा नियम मोडूनच बदली झालेला माणूस. दगड छातीशी धरून मी म्हणालो, "फुमी-सान, अकरा वर्षांचं सार्थक झालं. तुम्हाला आत्ता, या क्षणी नेमकं काय वाटतंय?"

"दगड खाली ठेव, तिला ऊन लागतंय."